पाइनवूड डर्बीची चाकं: घासायचं नेमकं कुठे आणि किती?

सायली_एडिसन

नमस्कार मंडळी. लेक दुसरीत आहे, यंदा कब स्काउट्सच्या वुल्फ डेनमध्ये (म्हणजे त्याच्या वयाच्या गटात). जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी त्यांच्या पॅकची, म्हणजे सगळ्या गटांच्या मिळून पथकाची, पाइनवूड डर्बी आहे. भारतातल्या मंडळींसाठी थोडक्यात सांगते: खोक्यात पाइनचा एक ठोकळा, चार प्लॅस्टिकची चाकं आणि आस म्हणून चार खिळे मिळतात. त्यातून सात इंचांच्या आत बसणारी गाडी करायची, वजन ५ औंसांच्या पुढे जाऊ द्यायचं नाही आणि उतरत्या ट्रॅकवरून सोडायची. मोटर नाही, बॅटरी नाही. गाडी फक्त उतारावर पळते.

गाडीचा आकार झालाय. लेकाला शार्क हवा होता. शेजारच्या काकांनी बँड-सॉवर ठोकळा कापून दिला, पुढचं घासणं आणि रंग त्याने स्वतः केलं. घोडं अडलंय ते चाकांपाशी.

खिळ्याच्या डोक्याखाली दोन बाजूंना बारीक धार आहे, नख फिरवलं की अडकतं. चाकांच्या कडेला प्लॅस्टिकची पातळ शीर आहे. आणि चारपैकी दोन चाकं खिळ्यावर फिरवली की लटपटतात. व्हिडिओ पाहावेत तर एक जण म्हणतो आरशासारखी चमकली पाहिजेत, दुसरा म्हणतो चाकांना हातच लावू नका, तिसरा थेट लेथ काढून बसलाय. आमच्या पॅकच्या नियमांत लिहिलंय की चाकं किटमधलीच हवीत, आकार आणि वजन बदलायचं नाही, लेथवर मारलेली चाकं बाद, हलकं सँडिंग चालेल, वंगण फक्त कोरडं.

घरात एक साधं ड्रिल आहे आणि भिंतीचं काम उरकल्यावर उरलेले पॉलिश पेपर. नवरा आठवडाभर कामानिमित्त बाहेर असतो, त्यामुळे हे मी आणि लेक मिळून करणार आहोत. मला दोन गोष्टी कळायला हव्यात. एक, नक्की कशाने फरक पडतो? दोन, सात वर्षांच्या मुलाच्या हातून यातलं काय काय होऊ शकतं? मी करून दिलेली गाडी त्याने नुसती उचलून ट्रॅकवर ठेवावी, हे मला नकोय.

डॅलसकर

आधी आकडे सांगतो, म्हणजे कशामागे किती वेळ घालवायचा ते ठरवता येईल. ५ औंस म्हणजे साधारण १४२ ग्रॅम. सुरुवातीची उंची बहुतेक ट्रॅकवर ४ फुटांच्या आसपास असते. म्हणजे गाडीला एकूण जेमतेम १.७ ज्यूल ऊर्जा मिळते. ती सगळ्यांना सारखीच. कोण जिंकणार हे त्यातली किती वाया जाते यावर ठरतं.

चाक साधारण ३० मिलिमीटर व्यासाचं, खिळा सव्वादोन मिलिमीटरच्या आतबाहेर. ३२ फुटांच्या ट्रॅकवर चाक शंभरेक वेळा फिरतं आणि उताराच्या तळाशी त्याचा वेग मिनिटाला अडीच-तीन हजार फेऱ्यांपर्यंत जातो. खिळ्यापाशी घर्षणांक ०.१ धरला तर ढोबळ हिशेबाने सहा टक्के ऊर्जा तिथेच जाते. ०.२ झाला तर बारा टक्के. शेवटच्या रेषेवर गाड्यांमध्ये बोटभर अंतर असतं, तिथे हे सहा टक्के फार झाले.

म्हणून वजन आधी ५ औंसांपर्यंत काठोकाठ भरा आणि ते मागच्या आसाच्या थोडं पुढे येईल असं बसवा. मग खिळे. मग चाकं. चाकांची बाहेरची धाव (ट्रॅकवर टेकणारा भाग) मात्र २००० ग्रिटपर्यंत (आकडा मोठा तितका कागद बारीक) नेऊन अगदी गुळगुळीत करा, असं माझं मत.

भोसरीकर

सायलीताई, नमस्कार. माझी सगळी नोकरी भोसरी एमआयडीसीत टूलरूममध्ये गेली, प्लॅस्टिकचे साचे बनवण्यात. आता मुलीकडे कोलंबसला असतो. नात बेअर डेनमध्ये आहे, म्हणून ही चाकं माझ्या हाताखालून गेली आहेत. साचेवाल्याच्या नजरेने सांगतो.

तुमची दोन चाकं लटपटतात, कारण एकाच खोक्यातली चारही चाकं सारखी नसतात. एका साच्यात एकाच वेळी बरीच चाकं पडतात. प्रत्येकाची कॅव्हिटी, म्हणजे साच्यातली पोकळी, वेगळी, आणि चाकाचं भोक पाडणारी कोअर पिनही वेगळी. पिन केसभर जरी बाजूला असली तरी भोक मधोमध येत नाही आणि चाक लंगडतं. चाकाच्या आतल्या बाजूला बारीक आकडा दिसेल, तो कॅव्हिटीचा. तुमचा पॅक परवानगी देत असेल तर स्काउट शॉपमधून अधिकृत चाकांचं आणखी एक पाकीट आणा आणि सगळ्यांतून चार चांगली निवडा. या एका कामाचा जेवढा उपयोग होतो तेवढा कुठल्याही पॉलिशचा होत नाही. आणि हे काम लेकाचं आहे. खिळा आडवा धरायचा, चाक फिरवायचं, शेजारी पेन्सिलचं टोक स्थिर ठेवायचं. धाव आणि टोक यांच्यातली फट कमीजास्त होत असेल तर ते चाक बाजूला ठेवायचं. मुलांचे डोळे यात आपल्यापेक्षा तेज असतात. माझ्या नातीने नापास केलेलं एक चाक मला बरं वाटलं होतं, मापून पाहिलं तर तिचं खरं निघालं.

आता घासण्याचं. चमक हे आपलं काम नाही. चाक आणि खिळा जिथे एकमेकांना टेकतात तेवढ्याच जागा बघायच्या, बाकीचं सोडून द्यायचं.

खिळ्यापासून सुरुवात करा. तार दोन जबड्यांत दाबून तिचं डोकं ठोकतात, त्या दाबाच्या खुणा म्हणजे तुम्हाला लागणारी ती धार. ड्रिलच्या चकमध्ये खिळा टोकाकडून धरा. ड्रिल टेबलाला क्लॅम्पने पक्कं बांधा, हातात धरून हे करू नका. बारीक चपटी कानस डोक्याखाली हलकेच टेकवा आणि ड्रिल हळू फिरवा. धार जाईल. कानस किंचित तिरपी धरली तर डोक्याच्या खालच्या बाजूला बारीक उतार पडतो. मग चाक डोक्याला सबंध न घासता फक्त मुळाशी टेकतं. एवढं काम तुम्ही करा. लेकाला गॉगल घालून जवळ उभं राहू दे, बघू दे.

पुढे पॉलिश पेपर. भिंतीचा कागद चालणार नाही, तो जाड असतो. गाड्यांच्या रंगकामाचा, पाण्यात भिजणारा काळा कागद आणा: ४००, ६००, १०००, २०००. बोटाएवढ्या रुंद पट्ट्या कापा, पाण्यात बुडवा आणि खिळ्याखालून घेऊन दोन्ही टोकं वर धरा. फिरत्या कामाला कागद गुंडाळायचा नाही आणि पट्टी बोटाला वेढायची नाही, हा टूलरूमचा पहिला धडा. पट्टी नुसती टेकलेली असावी, अडकली तर सुटून जावी. असं धरलं आणि वेग कमी ठेवला तर तुमच्या देखरेखीखाली लेक हे करू शकेल. लांब बाह्या वर करा.

प्रत्येक कागदाला एकच काम असतं, आधीच्या कागदाचे ओरखडे पुसणं. ड्रिल थांबवा, खिळा पुसा, भिंगातून बघा. ४०० च्या खोल रेघा दिसत असतील तर ६०० वरून पुढे जाऊ नका. घाई करून थेट २००० मारलात तर रेघा तशाच राहतात, फक्त त्यांच्या माथ्यावर चमक येते. डोळा फसतो, चाक फसत नाही. आणि डोक्यापासून साधारण १० मिलिमीटर एवढाच भाग घासायचा, कारण चाक तेवढ्यावरच फिरतं. त्यापुढचा खिळा लाकडात जातो. तिथला खरखरीतपणा राहू द्या, त्यानेच तो घट्ट बसतो.

शेवटी सुती दोऱ्यावर ब्रासो घ्या, समई घासायला वापरतो तोच. इकडेही मिळतो. खिळा झाला की स्वच्छ पुसा, कारण त्यात अमोनिया असतो आणि तो चाकाच्या प्लॅस्टिकला लागता कामा नये.

आणखी एक बारकी गोष्ट. खिळा फिरत नाही, फिरतं चाक. गाडीचा सगळा भार खिळ्याच्या खालच्या बाजूने चाकावर येतो. म्हणजे प्रत्येक खिळ्याची एकच बाजू काम करते. भिंगातून बघून सगळ्यांत चांगली बाजू खाली येईल अशा बेताने तो बसवा आणि डोक्यावर पेनाने खूण करून ठेवा, ठोकताना फिरला तर कळेल.

चाकाच्या धावेबद्दल मात्र डॅलसकरांशी माझं पटत नाही. साच्याचे दोन भाग जुळतात तिथली (पार्टिंग लाइनची) शीर आणि एखादा उंचवटा असेल तर तेवढा ६०० च्या ओल्या कागदाने काढा आणि थांबा. घरगुती ड्रिलचा चक कधीच पूर्ण सरळ फिरत नाही, आणि चाक ज्या दांड्यावर (मँड्रेलवर) चढवतो तोही थोडा डोलतो. त्यावर कागद दाबलात की त्या डोलाप्रमाणे चाक घासलं जातं. हातात आलेलं गोल चाक तुम्ही लंबगोल करून बसता, वर गुळगुळीतही, म्हणजे चूक दिसतसुद्धा नाही. आणि हे पॉलिस्टायरीन आहे. वेग वाढवला, पाणी आटलं, की ते तापून मऊ होतं आणि कागदाला ओढलं जातं.

डॅलसकर

रनआउटचा, म्हणजे फिरताना डोलण्याचा, मुद्दा मान्य, काका. धाव गुळगुळीत केल्याने जे मिळतं त्यापेक्षा लंबगोल चाकाने जास्त जातं, शिवाय लटपटणारं चाक ट्रॅकच्या मधल्या पट्टीला आपटत जातं ते वेगळंच. माझा सल्ला मागे घेतो.

सायली_एडिसन

काका, किती मनापासून लिहिलंत! लेकाने आजच पेन्सिल घेऊन चाकं तपासली आणि दोन बाद केली. उद्या स्काउट शॉपला जाऊन आणखी पाकीट आणते, कबमास्तरांना (पॅकच्या प्रमुखांना) विचारलं, चालतं म्हणाले.

तुम्ही भोकाबद्दल लिहिलं नाहीत. काही जण आतून टूथपेस्ट लावायला सांगतात. आणि ग्रॅफाइटची कोरडी भुकटी नेमकी कधी आणि किती? घरात शिलाई मशीनचं तेल आहे, पण नियमांत कोरडं वंगण म्हटलंय म्हणून हात लावला नाही.

शिकागोची_मीनल

मी आमच्या पॅकमध्ये तपासणीच्या टेबलावर बसते, म्हणून त्या बाजूने लिहिते. आम्ही चाक हातात घेतलं की आधी बाहेरची अक्षरं बघतो. ती पुसट झालेली दिसली की प्रश्न विचारावे लागतात. मग धावेची कड आणि आतली बाजू बघतो. भोसरीकर काकांनी सांगितलं तेवढंच केलेलं चाक आमच्या टेबलावरून विनातक्रार जाईल. अक्षरांवरून कागद फिरवू नका, एवढंच माझं सांगणं. वजन त्या दिवशी पॅकच्या काट्यावर होतं आणि घरचा काटा थोडा वेगळा दाखवू शकतो. म्हणून थोडंसं वजन काढता-घालता येईल अशी सोय ठेवा, थेट खाली स्क्रूने लावलेलं सोपं पडतं.

सायली, लेकाच्या हातून व्हावं हा तुझा आग्रह अगदी योग्य आहे. हा खेळ सुरूच तसा झाला. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचला डॉन मर्फी नावाचे कबमास्तर होते. त्यांच्या दहा वर्षांच्या मुलाला सोप बॉक्स डर्बीत (आत बसून उतारावरून सोडायच्या बिनइंजिनाच्या गाड्यांच्या शर्यतीत) भाग घ्यायचा होता, पण तिथे त्याचं वय कमी पडत होतं. म्हणून मर्फींनी छोट्या लाकडी गाड्यांची शर्यत काढली, पालक आणि मुलांनी मिळून करायची. आता तर मुलीही असतात. आमच्याकडे मोठ्यांचा उत्साह फार वाढला म्हणून पालकांसाठी वेगळी शर्यत ठेवतो. आपली हौस बाबालोक तिथे भागवतात आणि मुलांच्या गाड्या मुलांच्या राहतात. तुमच्या पॅकला सुचवून बघ.

भोसरीकर

ताई, भोक मुद्दाम मागे ठेवलं होतं, ते सावकाश सांगायचं होतं.

भोक कोअर पिनवर घडतं, त्यामुळे मुळात बऱ्यापैकी गुळगुळीत असतं. आपण फक्त बारीक खरखर काढायची, प्लॅस्टिक काढायचं नाही. चाकात आणि खिळ्यात आधीच अर्ध्या मिलिमीटरच्या आत फट आहे, ती वाढली की चाक जास्त डोलतं. कागद, कानस, ड्रिल बिट यांपैकी काहीही भोकात घालू नका. प्लॅस्टिकवरचे बारीक ओरखडे घालवणारं पॉलिश मिळतं, नोव्हस २ चांगलं आहे. पाइप क्लीनरवर त्याचा एक थेंब घ्या आणि चाक हातानेच पुढेमागे फिरवा. दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिनिट पुरे. हे काम शंभर टक्के लेकाचं. त्याची बोटं लहान आहेत, पकड हलकी असते, भोकाला तेच हवं.

टूथपेस्ट चालते, पण वाळली की भोकात पांढरा थर धरते आणि तो सहज निघत नाही. वापरलीच तर लगेच धुवा. काहीही वापरलं तरी नंतर कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, आणि दातांच्या फटीत घालायचा तो छोटा ब्रश भोकातून फिरवायचा. चाकं रात्रभर कोरडी होऊ द्या. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांच्या जवळपाससुद्धा चाक नेऊ नका, पॉलिस्टायरीन विरघळतं.

तेलाला हात लावला नाहीत ते उत्तम. नियमाचं तर आहेच. शिवाय तेल आणि ग्रॅफाइट एकत्र आलं की चिखल होतो आणि चाक जड फिरतं.

ग्रॅफाइट भोक पूर्ण कोरडं झाल्यावरच. जुनं वर्तमानपत्र पसरा, जुना शर्ट घाला, तोंडाला मास्क लावा, कारण भुकटी फार बारीक असते. भोकाच्या एका तोंडाला चिकटपट्टी लावा, आत भुकटी भरा, टिचक्या मारा, मग पट्टी काढून चाक त्याच्या खिळ्यावर चढवा आणि फिरवत राहा. भुकटी पुन्हा घाला, पुन्हा फिरवा. ग्रॅफाइट भोकाच्या अंगात मुरायला वेळ लागतो. मुरलं की भोक आतून राखाडी चकचकीत दिसतं आणि चाक फिरताना आवाज बंद होतो. तोच आवाज ऐकायला लेकाला सांगा, कान लावून. एक खिळा आणि एक चाक अशी जोडी ठरवून टाका, अदलाबदल नको.

दोन जागा लोक हमखास विसरतात. चाकाच्या तुंब्याची (भोकाभोवतीच्या जाड भागाची) बाहेरची बाजू खिळ्याच्या डोक्याला घासते आणि आतली बाजू गाडीच्या लाकडाला. दोन्हीकडे बोटाने ग्रॅफाइट चोळा. गाडीवर जिथे तुंबा टेकतो तिथला रंग ६०० च्या कागदाने सपाट करा आणि तिथेही ग्रॅफाइट चोळा. रंग नुसता वरून कोरडा असेल तर चाक त्याला चिकटतं, म्हणून शार्कचा रंग नीट वाळू द्या.

खिळा बसवताना चाक आणि लाकूड यांच्यामध्ये एटीएम कार्ड ठेवा आणि चाक त्याला टेकेपर्यंत खिळा दाबा. हातोडीपेक्षा हळूहळू दाबणं बरं, पाइनचं लाकूड मऊ असतं, एका फटक्यात खाच फाकते. चारही चाकं बसली की गाडी गुळगुळीत टेबलावर हलकेच ढकला. सरळ गेली पाहिजे. एका बाजूला ओढली तर त्या बाजूचा पुढचा खिळा पक्कडीने किंचित वळवून बघा. यात वेळ जातो. जाऊ द्या.

सायली_एडिसन

सगळं लिहून फ्रिजवर लावलंय, लेकाच्या कामांपुढे त्याचं नाव. त्याची यादी माझ्यापेक्षा लांब झाली आहे! मीनलताई, पालकांच्या शर्यतीचं मी मीटिंगमध्ये बोलते.

काका, एकच शेवटचं. गाडी तयार झाल्यावर तो ती घरभर पळवणार, हे नक्की. चालेल का?

भोसरीकर

घरभर नको. जमिनीवरची धूळ आणि केस थेट भोकात जातात आणि ग्रॅफाइटमध्ये अडकून बसतात. तपासणी होईपर्यंत गाडी बुटांच्या खोक्यात ठेवा, खाली फोम आणि चाकं वर, म्हणजे खिळ्यांवर भार येत नाही. त्याला पळवायला बाद झालेली चाकं आणि लाकडाचा एखादा उरलेला तुकडा द्या, दुसरी गाडी होईल. आणि शर्यत झाली की शार्क त्याचाच आहे, मग खुशाल घरभर पळवू दे.